आर्डिसकाकूची पिकअप

...आणि वर मलाच म्हणते, "व्हर्लिन, तोंड मीट, माशी जाईल!" भर शोरूममध्ये! तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षांचा घोडा झालोय मी, मक्याचे व्यवहार करतो, पण आर्डिसकाकूला शिकवायला जाऊ नये माणसाने!

झालं काय, काका गेले, मागे राहिली त्यांची पिकअप. क्लच असा की दाबायला बैल हवा, आणि एकोणऐंशीव्या वर्षी काकूच्या गुडघ्याने केव्हाच हात टेकलेले. धाकटी बहीण लव्हॉन चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात, आणि ती काकूने भरवल्याशिवाय धड घास घेत नाही हो! दर रविवारी मी नेतो, पण बाकीचे सहा दिवस? तेव्हा बिनक्लचची गाडी हवीच. आवडलेली वीस हजार डॉलरची. काकूकडे रोख तेरा हजार शंभर, आणि कर्ज म्हटलं की ती कानावर हात ठेवते.

शोरूमचा ट्रेंट म्हणाला, "पिकअप एक्सचेंजमध्ये द्या, सात हजार धरतो." सात? हॅट्! मी तडक शेजारच्या मर्लकडे. त्याचा कधीपासून डोळा होता पिकअपवर. सात हजार आठशेला हात मिळवला की! आमच्या नेब्रास्कात हात मिळवला म्हणजे संपलं, कागद मागाहून. छाती फुगवून काकूकडे आलो, म्हटलं आता दालचिनीचे गरम रोल मिळणार... मिळालं काय?

"आणि टॅक्स रे?"

"टॅक्सचा काय संबंध, काकू?"

अहो, तिने चर्चच्या पत्रकामागे पेन्सिलीने मांडलंसुद्धा! जुनी गाडी शोरूमला दिली तर टॅक्स फक्त वरच्या फरकावर. बाहेर विकली तर अख्ख्या वीस हजारांवर, सात टक्क्यांनी चौदाशे! "मर्लला दिली तर मला पडतात तेरा हजार सहाशे. ट्रेंटला सातमध्ये दिली तर तेरा हजार नऊशे दहा. कुठूनही लव्हॉन उपाशीच," म्हणाली आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, पाचशे मी घालतो, तर म्हणे, "आधी बायकोला विचारून ये." बरं, मर्लला दिलेला शब्द मोडू? आमच्याकडे? गावात तोंड दाखवायची सोय नाही! नाही नाही, आर्डिसकाकूला शिकवायला जाऊ नये माणसाने!

शनिवारी बघतो तर काकू तयार! एका बाजूला मी, एका बाजूला मर्ल, मांडीवर रोलचं ताट. शोरूममध्ये शिरली, ट्रेंटपुढे ताट ठेवलं. "बाळ, पिकअप एक्सचेंजमध्ये घे, सात हजार आठशेला."

"आजी, सातच्या वर मेलो मी! उद्या गिऱ्हाईक नाही मिळालं तर?"

"गिऱ्हाईक? हे काय, आणलंय!" आणि मर्लला पुढे ढकललं. "ह्याला तेवढ्यालाच विकून टाक. तुझं जातंय काय? दोन कागद! आणि वीस हजारांची गाडी खपतेय."

ट्रेंट मर्लकडे बघतो, मर्ल टोपी काढून पुटपुटतो, "मला काय, टॅक्स तसाही भरायचाच... कुणाकडूनही घेतली तरी." मॅनेजर आला, एक रोल खाल्ला, दुसरा उचलला, कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "बसतंय की हे नियमात!" टॅक्स आता फक्त बारा हजार दोनशेवर! माझा शब्द राहिला, मर्लला पिकअप, ट्रेंटचा धंदा, आणि सगळं देऊन काकूच्या पाकिटात सेहेचाळीस डॉलर शिल्लक! मी आ वासणार नाही तर काय करणार हो? कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही बाईने! म्हणून म्हणतो, आर्डिसकाकूला शिकवायला जाऊ नये माणसाने!

आता काकू रोज स्वतः गाडी हाकत जाते, लव्हॉन वाटीभर सूप संपवते आणि वर आणखी मागते. बरं वाटतं हो, खरंच सांगतो, डोळे भरून येतात... फक्त एकच. पहिल्याच रविवारी बायको गवत कापायच्या यंत्रापाशी कमरेवर हात ठेवून उभी. मी म्हटलं, "अगं, काकूला न्यायचंय..."

"काकू गेल्या सकाळीच. स्वतःच्या गाडीने."

इतके रविवार ह्याच नावाखाली निसटत होतो हो! टॅक्स वाचला काकूचा... आणि दर रविवारी भरतोय मी!