काचेवरची पानं

धाकटा : बघ, बघ! काय दिवे लावलेत आमच्या थोरल्या बंधूंनी! आणि जिथे जावं तिथे तोच डांगोरा, दादांसारखा हात नाही म्हणून.

बायको : हळू बोला. डॉक्टरीणबाई आत कुणाचा तरी दात काढतायत.

धाकटा : ऐकू दे की! काचेवरच्या फिल्ममधला हा बुडबुडा बघ कडेचा. मासा सोडावा त्यात, मजेत पोहेल.

बायको : दवाखान्याच्या पाचातली एक काच फुटली, नवी बसवलीय, तिला बाकीच्यांसारखी पानांची फिल्म लावायची. काम एवढंच आहे. नमुन्यांचं पुस्तक काढा.

धाकटा : एका काचेसाठी मी आलोच नाही मुळी. बाईंना सांगणार, हे सगळं खरवडून टाका, नव्याने लावू. दादाचं गिऱ्हाईक आज आपलं.

बायको : स्वतःच्या भावाचं?

धाकटा : दुकान वेगळं काढलं तेव्हा काय म्हणाला होता? ‘चार दिवसांत परत येशील.’ आलो का?

डॉक्टर : (बाहेर येत) मिळाली का हो जोडी? ज्यांनी लावली ते फोनच घेत नाहीत. बायको घेते आणि सांगते, ते कामात आहेत. कसलं काम, देव जाणे!

धाकटा : बाई, असली फिल्म बाजारात नाहीच. कुठला तरी गाळ उचलून आणलेला दिसतोय.

डॉक्टर : म्हणजे मला फसवलं?

धाकटा : मी कसं बोलू? आमचा धंदा एकच. पण जरा वेळ द्या, नक्की काय ते सांगतो.

डॉक्टर : सांगाच. फसवलं असेल तर मी सोडणार नाही. या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दुकानाचं नाव घेऊन सांगेन. (आत जातात.)

धाकटा : ऐकलंस? आता बघ गंमत.

बायको : गंमत नंतर. रंग कुठला धरताय? वरचा भाग उन्हानं पिवळा पडलाय. चौकटीचं रबर उचला आणि त्याखाली झाकलेली कड बघा.

धाकटा : हं. पांढरी शुभ्र आहे.

बायको : म्हणजे माल चांगला आहे.

धाकटा : चांगला कसला! अख्खं पुस्तक पालथं घातलं, असली मान टाकलेली पानं कुठेच नाहीत. कोण छापेल असली मरतुकडी पानं?

बायको : द्या इकडे. ... हे बघा.

धाकटा : पुस्तक उलटं धरलंयस तू.

बायको : हो. उलटंच. आता जुळवा काचेशी.

धाकटा : अगं... काडी न काडी जुळली! उलटी लावली! हा हा हा! चारही काचांवर उलटी! अगं, वर कुठलं आणि खाली कुठलं हे न बघता रोल उलगडला म्हणून याच माणसानं माझ्या थोबाडीत मारली होती! बोलाव, बोलाव बाईंना.

बायको : थांबा. एखाद्या कामगारानं लावली असेल.

धाकटा : मग तर झालंच! शेठजी नुसते गल्ल्यावर बसतात.

बायको : कोपरे बघा.

धाकटा : कोपऱ्यांचं काय?

बायको : बोट फिरवा.

धाकटा : ... नाणं ठेवून गोल कापलेत.

बायको : असे कोण कापतं?

धाकटा : मी. आणि दादा. कामगारांना तो हे शिकवतच नाही, महाकंजूष.

बायको : एक तरी कोपरा चुकलाय?

धाकटा : नाही. मग पानं कशी चुकतील? चांगली वीतभर पानं आहेत, समोर, डोळ्यांदेखत...

बायको : परवा बाजारात ते तुमच्या समोरून गेले. तुम्ही घरी येऊन केवढा थयथयाट केलात.

धाकटा : माज होता तो! सख्ख्या भावाला ओळख दाखवली नाही.

बायको : माज होता? आणि फोन जाऊबाई घेतात.

धाकटा : गप्प बस जरा.

बायको : बसले.

धाकटा : कोपरा बोटांना कळतो गं. बघावा लागत नाही. पानं मात्र दिसावी लागतात.

बायको : हं.

धाकटा : वहिनींनी एका शब्दानं सांगू नये?

बायको : कुणाला? तुम्हाला? दिसेल त्याला दादांची टवाळी ऐकवत हिंडणाऱ्या माणसाला?

डॉक्टर : (बाहेर येत) हं, बोला. काय गोंधळ घातलाय त्यांनी?

धाकटा : कसला गोंधळ? अस्सल माल आहे, बाई. सापडला. एवढी एक काच लावतो, नवी कुठली ते तुम्हालाही ओळखू येणार नाही.

डॉक्टर : मघाशी तर गाळ म्हणालात.

धाकटा : मघाशी मला कळलं नव्हतं.

डॉक्टर : आणि ही पानं अशी खाली का तोंड करून? पेशंट विचारतात.

धाकटा : वेल आहे ती, वरून सोडलेली. लावणाऱ्यानं विचार करून लावलीय.

बायको : नवी पण तशीच लावणार आहेत हे.

डॉक्टर : बरं. वरचा मजला घेतेय मी, तिथे सगळीकडे काचाच आहेत. ते काम तुम्हीच करा मग.

धाकटा : त्यांनाच द्या, बाई.

डॉक्टर : अहो, पण ते फोन घेत नाहीत!

धाकटा : मी आता तिकडेच चाललोय. सांगतो त्यांना.

डॉक्टर : कमाल आहे! हातचं काम दुसऱ्याला देताय? आणि तुम्ही काय करणार?

धाकटा : मी? रोल धरायला कुणीतरी लागतंच की.