वाटेकडचा उपाशी वाफा

— नाही मॅडम, प्रयोगाच्या वाफ्यांची मांडणी चौकोनात नको. पट्टेच लिहा. मला काय कळतं? अहो, सव्वीस पावसाळे या शेती-केंद्राचा मका हा माकावा लावतोय, तुम्ही झोंब्याच्या विद्यापीठातून आज पहिल्यांदा उतरलात! कळतं, कळतं — चौकोनात उताराचा फरकही धरला जातो, ओलाव्याचाही, कमी वाफ्यांत काम भागतं. पण चार खतं आणि पाचवा तो उपाशी, काहीच न घातलेला — चौकोनात तो आडव्या ओळीतही हवा, उभ्या ओळीतही हवा. म्हणजे वाटेकडच्या ओळीत एक उपाशी येणारच की नाही? येणारच! उभे पट्टे टाका, चिठ्ठ्या काढा, नशीब असलं तर पाचही उपाशी आतल्या अंगाला.

का म्हणजे? मार्चात माझ्या धाकट्या तियामिकेच्या लग्नाची बोलणी आहेत. मुलाचे मामा — आमच्यात सोयरीक तेच ठरवतात — याच वाटेनं येणार. गुडघाभर पिवळा मका बघून काय म्हणतील? 'या माकावाला मका पिकवता येत नाही, याची पोरगी काय संसार करणार?' — पाटी? प्रयोगाची? अहो, मामा पाट्या वाचत बसतात होय! थोरल्या एनिफाच्या वेळी पाटी होतीच. पिवळं बघितलं आणि अंगणात पाऊल न टाकता माघारी फिरले. नऊ वर्षं झाली, पोरगी घरीच आहे. एका वाफ्यापायी! तेव्हापासून मी... काही नाही. यंदा तुम्ही इथंच राहणार, दर पंधरा दिवसांनी माती तपासणार, मग ते जमायचं नाही, म्हणून म्हटलं पट्टे.

काय जमायचं नाही? काही नाही हो. थोडं शेळ्यांचं खत, संध्याकाळी, वाटेकडच्या उपाशाला. मग वाटलं, एकालाच का? बाकीच्या चार उपाशांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना सारखं वागवा असं तुम्हीच सांगता ना — मी वागवलं! अहो, लिहू नका! कुणाचं वाकडं झालं त्यानं? उलट इथले आकडे झोंब्याला जायचे, त्यावर तिथल्या एका बाईंना डॉक्टरकी मिळाली. ते ऑफिसातलं लाल जाडजूड पुस्तक नाही का — या मातीत खतानं काही फरक पडत नाही म्हणून — केवढं नाव झालं, बाई आल्या नाहीत तरी इथं सत्काराला बकरं कापलं, मी स्वतः दोनदा वाढून घेतलं... काय झालं? मॅडम? बसा, बसा खाली. पाणी आणू?

लाल पुस्तक — तुमचं?

अरे देवा. मग मी काही बोललोच नाही असं समजा. माझी जीभच मेली लांब... काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, कुणी नाही इथं. — टोपल्या? दोन. दर उपाशाला दोन, मॅडम, शिगोशीग. — यंदाही घालायच्या?

मग लिहा की चौकोनच, माझं काय जातंय! निघा आता, ऊन चढतंय. आणि जाताना शेळ्यांच्या वाड्याचं फाटक तेवढं बिनकुलपाचंच राहू द्या, संध्याकाळी लागेल.