बोटं सुटी होताना

(निपाणी, १९८४. विड्या वळणाऱ्या गुणाबाईचं घर. मुलगा धर्मराज बेळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दोघं मिरजेच्या दवाखान्यातून नुकतेच परतलेत.)

धर्मराज : गालातल्या जखमेवरच मिश्री लावत होतीस?

गुणाबाई : मग काय करू? लावली की जरा बधिर व्हायचं. वखारीतल्या समद्या बायका तेच करत्यात. दाढ दुखली तरी मिश्री, त्वांड आलं तरी मिश्री.

धर्मराज : तंबाखूच ती, आई. भाजली म्हणून काय झालं?

गुणाबाई : आता वरडू नको. डाक्टर काय म्हणाला? मला भाईर बसवून तुला काय सांगितलं?

धर्मराज : गाठ वाईट आहे म्हणाले. अर्धा जबडा काढावा लागंल.

गुणाबाई : वाईट म्हंजे? कालिजातल्या पोरांस्नी सांगतोस तसं सांग.

धर्मराज : आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतंय. कुणी कधी मरायचं, ते त्यांच्यात आधीच ठरलेलं. पोटातल्या पोराचा हात पहिल्यांदा बदकाच्या पायागत जोडलेला असतोय. मधल्या पेशी आपण होऊन मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात.

गुणाबाई : कुणी न मारता?

धर्मराज : व्हय. आवळून बारीक होतात, शेजारच्या त्यांना गिळून टाकतात. सूज न्हाय, पू न्हाय.

गुणाबाई : शाण्या म्हणायच्या. आन माझ्या गालातल्या?

धर्मराज : त्या मरायचं विसरल्यात. नुसत्या वाढत सुटल्यात.

गुणाबाई : म्हंजे त्या मरंनात, म्हणून म्या मरायचं.

धर्मराज : तसं बोलू नको गं. सोमवारी भरती व्हायचंय. मी रजा टाकलीया.

गुणाबाई : म्या न्हाय येत. अर्ध्या तोंडानं भाकरी कशी खाऊ? बोलू कशी?

धर्मराज : पेज पी. बोलणं मला कळंल.

गुणाबाई : तुला कळंल रं. दुसऱ्या कुणाला?

धर्मराज : न्हाय आलीस तर दिवाळी बघणार न्हाईस, आई. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय मला.

गुणाबाई : सूनबाईचं बाळतपण कधी म्हणालास?

धर्मराज : दिवाळीनंतर.

गुणाबाई : पोराची बोटं सुटी झाली असतील?

धर्मराज : झाली असतील.

गुणाबाई : मग येते सोमवारी. पर नाव आजच ठरव.

धर्मराज : एवढी कसली घाई? बारशाला ठेवू की.

गुणाबाई : त्वांड हाय तवर एकदा हाक मारून बघते.