मागच्या खिडक्यांचं काय झालं?

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, राज्याच्या इजा-प्रतिबंध विभागाचे माजी संचालक महोदय. व्यासपीठावर उपस्थित असलेले आमच्या मंत्रालयाचे सहसचिव साहेब. शस्त्रक्रियांच्या धबडग्यातून वेळ काढून आलेल्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम. पहिल्या रांगेत बसलेले सत्कारमूर्तींचे यजमान, कन्या आणि जावईबापू. देखरेख कक्षातले माझे सगळे सोबती. आणि जिच्या नावानं आपण इथं जमलो आहोत ती आमची सत्कारमूर्ती, आमच्या बाई, सगळ्यांना माझा विनम्र नमस्कार.

बाईंनी सकाळीच मला दम दिलाय. म्हणाल्या, "नुसतं कौतुक करायला उठलास तर मी माइकची पिन उपटीन." त्या करतील, यात शंका नाही. त्यांचे यजमान मघाशी सांगत होते, रात्री गॅस बंद केलाय असं त्यांनी कितीही छातीठोक सांगितलं, तरी बाई उठून बघून येतात. संसारात हा स्वभाव थोडा जाचक असेल, साहेब. पण सरकारला या स्वभावाची फार गरज असते.

कारण आमच्या कक्षाचं काम तरी दुसरं काय आहे? माणसं भाजू नयेत, बुडू नयेत, यंत्रात कुणाचा हात सापडू नये, लहान मुलं उंचावरून पडू नयेत, यासाठी राज्यं कार्यक्रम आखतात. ते कागदावर चालतात की घराघरात, हे केंद्राच्या वतीनं आम्ही पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं, नाही? मग एक प्रसंग सांगतो. त्यात अध्यक्ष महोदय आहेत, म्हणून चहाच्या वेळी मी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "सांगा. पण माझी बाजू गुळगुळीत करू नका." त्यांच्या आज्ञेचं पालन करतो.

तेव्हा ते राज्याचे संचालक होते आणि मी कक्षात नवा होतो. कामगारांच्या उंच इमारतींमधून लहान मुलं पडत होती, म्हणून राज्यानं खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवायचा कार्यक्रम घेतला. अहवाल आला, तो वाचून सगळे खूश. लिहिलं होतं, जाळी बसवलेल्या एकाही खिडकीतून मूल पडलेलं नाही. हा कार्यक्रम देशभर न्यायचा, संचालकांचा गौरव करायचा, सगळं ठरलं होतं. उरली होती फक्त आमची पाहणी आणि बाईंची सही.

आम्ही पोचलो तर इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. वर बघितलं की ताज्या रंगाच्या जाळ्या ओळीनं चमकत होत्या. बाईंनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, छान झालंय म्हणाल्या. संचालकांच्या माणसांना हायसं वाटलं. तेवढ्यात बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, आता वर जाऊ." लिफ्ट बंद होती. ती बंद होती की केली होती, हे आजतागायत कळलेलं नाही. बाईंचा गुडघा तेव्हाही दुखायचा. कठड्याला धरून, मध्ये थांबत, त्या चढल्या.

वरच्या मजल्यावर एक दार उघडं होतं. एक तरुण आई ओट्याशी स्वयंपाक करत होती. आणि तिचं मूल, नुकतं धावायला लागलेलं, जुन्या चादरीच्या पट्टीनं कमरेला बांधून पलंगाच्या पायाला अडकवलेलं होतं. आम्हाला बघून ती ओशाळली, धावत गाठ सोडायला गेली. बाई म्हणाल्या, राहू दे, आधी तुझं भांडं उतरव. आणि स्वतः त्या मुलाशेजारी फरशीवर बसल्या. ते पोरगं त्यांच्या चष्म्याशी खेळायला लागलं.

जाळी होती, पण पुढच्या खोलीला. कामाचा हुकूमच रस्त्याकडच्या खिडक्यांचा निघाला होता, कारण मुलं रस्ता बघायला खिडकीत चढतात असं कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच. तिच्याखाली ओटा, ओट्यालगत पालथी बादली. मुलाला चढायला जणू जिनाच. खिडकी लावून घ्यावी, तर वाफेनं आणि धुरानं जीव गुदमरतो.

ती आई एवढंच म्हणाली, "पुढच्या खिडकीला सरकारची जाळी आहे. मागच्या खिडकीला मीच जाळी. माझे हात कामात गुंतले की ही पट्टी."

मी पाहिलं, बाईंनी त्या पट्टीची गाठ बोटानं जरा सैल केली. मुलाच्या कमरेवर वळ उठला होता.

दुसऱ्या दिवशी बैठक. संचालक महोदयांनी आकडे मांडले. बाईंनी विचारलं, मागच्या खिडक्यांतून किती मुलं पडली? ते म्हणाले, त्या खिडक्या कार्यक्रमात नाहीत. बाई म्हणाल्या, "मूल कार्यक्रमाला विचारून पडत नाही, साहेब." मग संचालक चिडले. एका घरावरून तुम्ही अख्ख्या राज्याच्या कामावर पाणी ओतताय, असं म्हणाले. बाईंनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, तर मग दुसऱ्या घरात जाऊ, चला. कुणीच उठलं नाही. बाईंनी सही केली नाही.

पुढे काय झालं असेल, हे सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्यांना सांगायला नको. तक्रार गेली. अडेलतट्टू, सहकार्य न करणाऱ्या, असे शब्द त्यात होते. बाईंची रवानगी प्रशिक्षण विभागात, बंद पडलेल्या प्रोजेक्टरच्या खोलीत. त्यांच्या जागी दुसरे अधिकारी गेले, अंगणात बसले आणि सही करून आले. गौरव समारंभ थाटात झाला.

मी बाईंना भेटायला गेलो. वाटलं, चिडलेल्या असतील. त्या शांतपणे डबा खात होत्या. म्हणाल्या, "खोलीचं काही नाही रे. जेवायला बसलं की ते पोर डोळ्यांसमोर येतं." आणि दर सोमवारी त्या संचालकांच्या कार्यालयात फोन लावायच्या. साहेब बैठकीत असायचेच. बाई निरोप ठेवायच्या, मागच्या खिडक्यांचं काय झालं? स्वीय सहायकाला तो निरोप इतका पाठ झाला, की बाईंचा आवाज ऐकताच तोच म्हणायचा, हो बाई, मागच्या खिडक्या, सांगतो.

आणि मग शेजारच्या इमारतीत एक मुलगी पडली. मागच्या खिडकीतून. आजी चुलीपाशी होती, तिची पाठ वळली होती. खाली सायकलींच्या शेडचा पत्रा होता, त्यावर आपटून ती जमिनीवर आली. पत्र्यानं जीव वाचवला. मांडीचं हाड मात्र मोडलं, खुब्याला मार बसला. इथं बसलेल्या डॉक्टर मॅडमनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली.

संचालक महोदय त्या दिवशी स्वतः रुग्णालयात गेले. कुणी बोलावलं नव्हतं, कॅमेरेही नव्हते. तिथल्या व्हरांड्यातून त्यांनी बाईंना फोन केला. मी बाईंच्या समोरच बसलो होतो. ते म्हणाले, "बाई, मागच्या खिडकीतून पडली."

"मी सांगत होते ना!" हे शब्द दुसऱ्या कुणाच्याही तोंडून आले असते. बाईंनी फक्त विचारलं, "वाचली का?"

"वाचली."

"मग तिच्या आईपाशी थांबा. मी येतेय."

त्यानंतर ते दोघं जिने चढले. एकेक मजला, एकेक स्वयंपाकघर. एकीचा गुडघा दुखायचा, दुसऱ्याला दम लागायचा. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. अध्यक्ष महोदयांनी तक्रार लेखी मागं घेतली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सगळ्या राज्यांच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं, की ज्या आकड्यासाठी माझा गौरव झाला, तो आकडा निरर्थक होता. असं बोलायला छाती लागते. साहेब, तुम्ही बाजू गुळगुळीत करू नका म्हणालात, पण हीसुद्धा तुमचीच बाजू आहे.

मागच्या खिडक्यांना जाळ्या लागल्या. आग लागली तर मोठ्या माणसाला आतून उघडता याव्यात, अशा. आणि त्या राज्यात मोजणी खिडक्यांपासून सुरू करायची नाही, रुग्णालयातल्या वॉर्डापासून सुरू करायची, हा नियम बाईंनी लावून घेतला. मूल पडलं की आधी ते नोंदायचं, ते कुठल्या खिडकीतून पडलं हे त्यानंतर.

ती मुलगी आता मोठी झालीय. एक पाय किंचित आखूड राहिला, चालताना दिसतं. बाई प्रशिक्षण विभागातून परत फील्डवर आल्या, त्या दिवसाची आठवण मी परवा गाडीत काढली आणि म्हणालो, शेवटी तुम्ही जिंकलात. बाई काचेतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "वेळेत पोचायला हवं होतं रे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोचलो होतो आपण वेळेत."



मंडळी, आता सोमवारपासून बाईंच्या खुर्चीत मी बसणार आहे. खुर्चीबरोबर एक प्रस्तावही माझ्याकडे आलाय. यापुढे अधिकाऱ्यांनी प्रवास करायची गरज नाही, राज्यांनी कामाचे फोटो पाठवावेत आणि आम्ही ते बघून शेरा मारावा, असा. प्रस्ताव आपल्या सहसचिव साहेबांचा आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, वेळ वाचेल, खर्च वाचेल. पण साहेब, चादरीची पट्टी कुठलं राज्य फोटोत पाठवेल? हे मी आडून बोलत नाही. आज दुपारीच माझा नकार कारणांसह आपल्या कार्यालयात दिला आहे. बाईंना विचारलं नव्हतं. त्यांना आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय. मला प्रोजेक्टरच्या खोलीत पाठवायचं ठरलं तर ती खोली मला माहीत आहे, तिथं फोनची लाइन चालू आहे.

बाई, तुम्हाला निरोगी, निवांत आयुष्य लाभो, आणि यजमानांना गॅसच्या बाबतीत थोडा विश्वास लाभो. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचा, मनाचा मोठेपणा दाखवल्याबद्दल अध्यक्षांचा आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

माझा नकार मात्र पोटात घालू नका, सहसचिव साहेब. त्याचं लेखी उत्तर द्या. मी वाट पाहतोय. धन्यवाद.