जयवंतचे कडक उपवास

आमच्या सुकापूरचा जयवंत माहितीये ना? जमीन विकल्यापासून ज्याची हालचाल फक्त रिमोटवरच्या अंगठ्याची उरलीय, तोच. खांदा कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं, "खाणं आवरा." गड्याने सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन उपवास धरले. महिन्याने त्याला आणि त्याच्या आईला मीच गाडीतून दवाखान्यात नेलं. बघतो तर वजन चार किलो वाढलेलं!

बाई चक्रावल्या. "उपवासाला खाता तरी काय?"

"भलतंसलतं कायपन नाय, मॅडम. पाकिटावर 'उपवास स्पेशल' लिवलेलं असंल तेवडंच. चिवडा, वेफर्स, बिस्किटं. वर डब्यातला ज्यूस."

"आणि एरवी?"

"आये देते ते. भाकरी, भाजी, सुकट."

बाईंनी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. सत्तरीची बाई, पण अंगावर तोळाभर चरबी नाही.

"आजपासून उपवास बंद. सातही दिवस आईच्या हातचं खायचं."

जयवंतचा चेहरा पडला. "पन मॅडम, देव कोपला तर?"

आईच फटकन म्हणाली, "देव कशाला कोपतोय? तुजे उपास त्याच्यापरत पोचलेच कुटं? कोपला तर नाक्यावरचा दुकानवाला कोपंल!"