हळू सोडलेला क्लच

शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या एष्टीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर दोघं बोलत होते.

"संपतराव, दारात मारुती असून एष्टीनं?"

"गाडी बायको घिऊन गेली. आईला वढूला न्यायचं व्हतं."

"वहिनी चालवत्यात? शिकवलं कुणी?"

"मीच. क्लच हळू सोड म्हणून वरडून घसा बसला माझा. आता तिनं गिअर कवा टाकला, कळतबी न्हाई."

"मग चांगलंच हाय की!"

"काय चांगलं? मी चालवतो तवा आई नाकाला लिंबू लावून बसती. हिच्या शेजारी बसली की घोरती!"

"तुम्हीबी जायचं की संगं."

"परवा बसलो व्हतो मागं."

"मग?"

"घर आल्यावर तिनंच उठवलं मला."