राणीचं उत्तर

(आसगावचं समाजमंदिर, दुपार. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम. डायरेक्टर ड्रेस आणाले भंडाऱ्याले गेलेला.)

सुखराम : मार ना बे! गुडघे दुखून राहिले माझे. राजा किती वेळ पाठ करून बसन?

विक्की : थांबा ना काका. इथं राजपुत्र विचार करते, पुस्तकात लिवलं आहे.

सुखराम : पयल्या अंकापासून विचारच करून राहिला तो! त्याचा बाप मी मारला, गादी मी घेतली, त्याच्या मायसंग लग्न मी लावलं. अन् तरी तलवार उचलत नाही? लोकं खालून वरडतीन, मार म्हणून.

विक्की : तलवारीचं काही नाही जी. त्याच्या आधीचं वाक्य अडते. माय पुढंच बसन अन् मी आईले असं बोलू?

सुखराम : नाटकातली राणी आहे ते.

विक्की : मंग काकाचं काम तुमालेच काहून देल्लं? पोट्टे हासून राहिले. म्हणते, विक्कीले ॲक्टिंगची गरजच नाही, घरचंच आहे.

सुखराम : हासू दे. मी कोणाले मारलं काय? भाऊ तापानं गेला. वरीस झाल्यावर चार लोकांपुढं तुझ्या मायसंग पाट लावला मी. आपल्यात दिरासंग पाट लागते, त्यात चोरी कायची?

विक्की : मले माहीत आहे. तरी नाही होत माझ्याच्यानं. दुसरा पोट्टा पाहा.

सुखराम : परवा नाटक, अन् आता दुसरा पोट्टा? वा रे हिरो! सखा! ए सखा! इकडं ये बरं. तुझा लेक काम सोडून राहिला.

सखाबाई : आयकलं मी. पायरीवरच होती. घ्या, चहा घ्या. विक्की, म्हण ते वाक्य.

विक्की : जाऊ दे ना माय.

सखाबाई : माझ्या तोंडाकडं पाहून म्हण.

विक्की : "बाबांची चिता विझली नाही, आई, अन् तू काकांच्या घरात गेलीस! एवढ्या लवकर विसरलीस त्यांना?"

सखाबाई : मंग राणी काय म्हणते?

विक्की : काही नाही. डोळ्याले पदर लावते अन् रडते.

सखाबाई : नुसती रडते? पोरानं एवढं इचारलं, अन् बाईले तोंड नाही?

विक्की : तू काय म्हटली असती?

सखाबाई : म्हटली असती, नाही इसरली. तुझ्या बापाचं नाव निघालं का अजूनबी जीव कालवते माझा. पण लोकं म्हणते ना, सखानं पोटासाठी पाट लावला, पोरासाठी लावला? खोटं आहे ते. पोट मी मासोळ्या इकून भरलं असतं. मले हा माणूस आवडला. माझ्या मनानं गेली मी.

सुखराम : अवं, पोरापुढं काय बोलतेस!

सखाबाई : पोरापुढंच बोलाचं आहे.

विक्की : माय... मी तं एवढे साल समजत होतो, माझ्यापायी तुले जा लागलं. काकाकडं नीट पाह्यलंबी जात नव्हतं माझ्यानं.

सखाबाई : तुझ्यापायी नाही रे बाबू. कोणाच्याच पायी नाही.

विक्की : काका, बसा पाठ करून. पयल्यापासून घेऊ.

सुखराम : आता मारशीन ना?

विक्की : मारतो, काळजी नका करू. माय, तू बोलली ते पुस्तकात टाकू का? वडशाहून राणीचं काम कराले बाई येऊन राहिली, तिले पाठ करवतो.

सखाबाई : नको. तिले रडू दे. हे तुलेच सांगाचं होतं.